तांब्याचा जोड

माघ सरत आला होता. पठारावरचे ऊन अजून कोवळे, पण त्या कोवळेपणात कडवटपणाची पहिली चव उतरली होती. धावपट्टीच्या दुतर्फा कुसळी गवत पिवळे पडले होते; पिवळे, धुळकट, दीर्घनिःश्वासी. हँगरच्या पत्र्याखाली एक इवलेसे विमान उभे होते, शुभ्रपंख, मिटल्या डोळ्यांचे. आणि दोन खांबांना बांधलेल्या जुन्या लुगड्याच्या झोळीत एक इवलासा श्वास झुलत होता.

तो श्वास खोल लागे, तेवढाच वेळ मृण्मयीचा. लेक निजली की त्या उसन्या घटकेत तिचे हात इंजिनाच्या उदरात शिरत. आज दुपारी तिचा नवरा, कौस्तुभ, हेच विमान घेऊन दक्षिणेला निघायचा होता. नव्या मालकाकडे, नव्या नोकरीवर. "दोन महिन्यांत तुम्हा दोघींना बोलावतो," म्हणाला होता. तिने मान डोलावली होती. त्याच्या शब्दांना नेहमीच गारवा असे.

इंजिनाच्या उष्णतेची वार्ता वैमानिकापुढच्या काट्यापर्यंत नेणारी तार तिने बोटांत धरली. दोन धातूंची जोडतार; परस्परांहून भिन्न, एका टोकाशी एकजीव, आगीच्या स्पर्शानेच बोलणारी. गरजेहून लांब म्हणून वेटोळे घालून बांधलेली, ती घासून घासून तुटली होती. तुटल्या जागी कुणीतरी साधी तांब्याची तार पिळून बसवली होती.

कुणीतरी कशाला? तो पीळ ती ओळखत होती. डावखुरा पीळ. घाईचा, हसतमुख, हाताला लागेल त्यावर भागवणारा.

तांबे दिसायला सुंदर. लालस, लखलखते, लाघवी. पण या धातूंची भाषा ते जाणत नाही. ज्वाळेचा निरोप वाटेतच अर्धामुर्धा गिळते आणि काट्याला सांगते, सारे काही ठीक आहे.

तिने तांबे कापले. खरचटलेले वेटोळे कापले. तार आखूड झाली, आखूड होऊनही कशीबशी पुरली. धातूला त्याचाच सजातीय धातू भिडवला, जोड दाबून पक्का केला, वर आवरण चढवले. पुढच्या दुरुस्तीसाठी वीतभर तार राखून ठेवायची, ही या कामाची रीत. या वेळी बोटभरही उरली नाही.

विमान उन्हात ढकलले गेले. कौस्तुभ आत बसला. पंखा गरगरला, गवत लवले, धूळ उठली. आणि काटा चढला. चढत, चढत, चढत तांबड्या रेषेला भिडला.

"जास्त दाखवतोय," इंजिन बंद करून तो म्हणाला. "कालपर्यंत बरा होता की."

"कालपर्यंत तुझं तांबं बोलत होतं. इंजिन खरंच तापतंय, कौस्तुभ. आज हे उडणार नाही."

तो हसला नाही. पहिल्यांदाच. "मला अडवायला केलंस ना हे?"

"तुझं वाईट चिंतलं असतं, तर ते तांबं काढलंच नसतं."

"एसटीनं जातो मग. विमान नेईल कुणीतरी मागाहून."

खांद्याला पिशवी लावून तो पिवळ्या गवतातून चालू लागला. दोन महिन्यांत बोलावण्याचा विषय त्याने काढला नाही. तिनेही नाही.

झोळीतला श्वास दचकून रडला. लेकीला खांद्यावर घेऊन मृण्मयी काट्यापुढे येऊन उभी राहिली. इंजिन निवत होते. काटा उतरत होता. खरा, मूक, मंद. तांबड्यातून हिरव्यात, हिरव्यातून तळाशी. आणि हँगरमधून उचलून आणलेला तो तांब्याचा तुकडा तिच्या हातात उन्हाने चमकत होता, अजून लालस, अजून लाघवी, अजून तेच सांगणारा: ठीक आहे, सारे ठीक आहे.