पाणीमाईचा लाल पेला

पत्र्याच्या त्या खोलीत मुंगीला शिरायला जागा नव्हती, तरी एकही बाई शेजारणीकडे बघत नव्हती. समोर पाणीमाई बसली होती आणि तिच्या पुढ्यातल्या पेल्यात पिवळसर पाणी होतं. माईने डोळे मिटले, काहीतरी पुटपुटली, दोन बोटं पाण्यात बुडवून ढवळलं, आणि पाणी रक्तासारखं लाल झालं. खोलीभर एक सुस्कारा फिरला.

"सुटलीस गं पोरी," माई म्हणाली. "पाणी बोलतं, मी आपली नुसती ऐकते. घरी जाऊन ही पूड घे. पण डॉक्टरची पायरी चढलीस तर पाणी रुसेल हो."

म्हणजे गुण आला तर माईचा, नाही आला तर पाणी रुसलं.

ही 'पोरी' म्हणजे चष्म्याच्या काचा घासण्याच्या कारखान्यातली अबोली. खरं नाव मागे पडलं होतं. कामापुरतं बोलायची, डबा खिडकीशी एकटीच खायची. ज्याच्याशी लग्न ठरल्यातच जमा होतं, तो दिवस गेल्याची बातमी ऐकून "बघू" म्हणाला आणि मग त्याचा फोन लागेनासा झाला. आईला सांगायची सोय नव्हती. थोरल्या बहिणीला तिने फोन केला, तर ताईने आधी मुलाच्या परीक्षेचं पुराण लावलं आणि मग दारात कोणी आलं म्हणून ठेवून दिला. अबोलीचं वाक्य अर्धंच राहिलं. असल्या माणसाला माईचं "गं पोरी"सुद्धा ऊब देऊन जातं.

पूड संपली. मळमळ काही जाईना. ती पुन्हा गेली, तर माईने कपाळाला आठ्या घातल्या. "मनात शंका धरलीस तू." घरी येऊन अबोली भिंतीकडे तोंड करून पडली. चूक आपलीच, असं तिला खरंच वाटलं.

एका सकाळी कामावर जाताना तिला रस्त्यातच उलटी झाली. समोर दवाखाना होता. इथे आपल्याला कोणी ओळखत नाही, एवढ्याच धिरावर ती आत शिरली.

डॉक्टरबाई पिकल्या केसांच्या. त्यांनी दार लावून घेतलं आणि विचारलं, "तुला काय हवंय? दुसऱ्या कोणाला काय वाटतं ते नको सांगू."

"मला हे नकोय," अबोली म्हणाली. कितीतरी दिवसांत तिने पुरं केलेलं ते पहिलं वाक्य होतं.

"ठीक. आधी सोनोग्राफी करू. गर्भ पिशवीतच आहे ना, हे बघायला हवं. पिशवीबाहेर, नळीत असला तर गोळ्या चालत नाहीत, जिवावर बेततं. पिशवीत असला आणि दिवस थोडे असले, तर दोन औषधं असतात. पहिल्याने गर्भाची वाढ थांबते, दुसरं एक-दोन दिवसांनी घ्यायचं, त्याने पिशवी आकुंचन पावून रिकामी होते. पोटात कळा येतील, पाळीपेक्षा जास्त रक्त जाईल. ते नको असेल तर इथेच शोषून काढायची छोटी प्रक्रियाही होते. तू सज्ञान आहेस, तुझी एकटीची संमती पुरते."

अबोलीने खाली मान घालून पाणीमाईचं सांगितलं. डॉक्टरबाई हसल्या नाहीत. त्यांनी चहाच्या कपाटातून हळदीची बरणी काढली, ग्लासभर पाण्यात चिमूटभर कालवली आणि शिपायाच्या पानाच्या डबीतला चुना बोटाला लावून ढवळलं. ग्लास लाल झाला.

"पण तिथे कितीजणींना गुण आलाय," अबोली पुटपुटली.

"पाळी लांबलेली प्रत्येक बाई गरोदर नसते. पुष्कळजणींची आपसूक येते, काहींचा गर्भ आपोआप पडतो. त्या माईचे गोडवे गातात. बाकीच्या लाजेने गप्प बसतात, म्हणून ऐकू येत नाहीत. माईकडे गेलेल्या एकीचा गर्भ नळीत होता. पेला लाल झाला म्हणून ती निर्धास्त राहिली. इथे आणली तेव्हा पोटात रक्त साचलं होतं. थोडक्यात वाचली."

अबोलीचा गर्भ पिशवीतच होता. तिने गोळ्या निवडल्या. तासाला दोन पॅड भिजायला लागले आणि ते थांबेना, ताप आला किंवा दुखणं सोसेना, तर तडक यायचं, असं नर्सने दोनदा बजावलं. कळा आल्या त्या दुपारी ती खोलीत एकटीच होती, पोटाशी गरम पाण्याची पिशवी धरून. संध्याकाळी नर्सचा फोन आला. "कशी आहेस गं?" एवढंच. अबोलीला कळांनी आलं नव्हतं ते रडू त्या प्रश्नाने आलं.

फेरतपासणीत सगळं ठीक निघालं. त्यानंतर ती पाणीमाईकडे गेली आणि गर्दीत बसली. तिचा नंबर आला. माई पुटपुटली, बोटं बुडाली, पेला लाल झाला.

"सुटलीस गं पोरी."

"काय सुटलं, माई?" अबोली म्हणाली. खोलीत सगळ्यांना ऐकू गेलं. "माझ्या पोटात गर्भच नाही. डॉक्टरांच्या औषधाने मोकळी झाले मी. हे हळदीचं पाणी आहे आणि तुमच्या बोटांना चुना आहे. बोटं धुवा आणि पुन्हा करून दाखवा."

माईने बोटं मुठीत मिटली. "शंकेखोरापुढे पाणी खोटंच बोलतं," ती म्हणाली, पण तिच्याकडे कोणी बघत नव्हतं.

अबोली बायांकडे वळली. "अडचण खरी आहे आपली. पण लाज वाटते म्हणून पेल्याला विचारू नका. पाण्याला काही कळत नाही. थांबाल तसे दिवस वाढतात. डॉक्टरला विचारा."

 बाया एकेक करून उठल्या, मान खाली घालून, आल्या तशाच एकेकट्या बाहेर पडल्या. अबोलीही निघाली. कोपऱ्यावर मागून चपलांचा आवाज आला. विशीतली एक मुलगी दम खात उभी होती.

"ताई, तो दवाखाना... एकटीने गेलं तर चालतं का?"

"चालतं," अबोली म्हणाली. "पण मी येते."