फुंकणीचा श्वास

ताईने मला फुंकणी हे नाव ठेवलं, त्याला बावीस वर्षं झाली. ताई म्हणजे माझी सख्खी थोरली बहीण आणि आमच्या तपासणी लॅबची मालकीणही. आमच्याकडे प्लास्टिक, रबर, रंग असलं काहीबाही येतं. इन्फ्रारेड यंत्राच्या मधोमध मसुराएवढा हिरा बसवलेला असतो. त्यावर तुकडा ठेवायचा, वरून स्क्रूने दाबायचा, की पडद्यावर रेघ उमटते. रेघ जिथे खाली घसरते, तिथे त्या पदार्थाने किरण गिळलेला असतो. कुठे किती गिळला त्यावरून आत कोणते अणू कसे जोडलेत ते कळतं.

आता मला खोड अशी, की मी यंत्रावर वाकून आकडे पुटपुटत बसते. श्वासातला कार्बन डायऑक्साइड किरणाच्या वाटेत येतो आणि २३५०च्या आकड्यापाशी फुकटचा एक खड्डा पडतो. नमुन्याशी त्याचा काडीचा संबंध नसतो.

"दहा सेकंद श्वास धरलास तर मरशील का, फुंकणे?" ताई म्हणायची आणि मला पुन्हा रेघ काढायला लावायची. तिच्या स्वतःच्या रेघा त्या जागी इस्त्री केल्यासारख्या सपाट असत.

रेघ वाचायला मला तिनेच शिकवलं. "१७३०च्या मोठ्या खड्ड्याला भुलू नकोस," ती पेन्सिलने खूण करत सांगायची. "प्लास्टिक मऊ करायला जे तेल घालतात, त्या सगळ्यांकडे तो असतो. तू १६००ला जा. तिथे दोन बारके खड्डे एकमेकांना चिकटून उभे दिसले, की ते थॅलेट." थॅलेट दुधात उतरतं आणि बाळाला अपाय करतं. म्हणून नवजात बाळांना दूध पाजायच्या नळीत ते चालत नाही. गेली तीन वर्षं अशा नळ्यांचा प्रत्येक लॉट आमच्याकडून पास होऊन रुग्णालयात जात होता.

मंगळवारी सकाळी रुग्णालयाच्या औषधविभागातल्या बाईंनी एक पाकीट पाठवलं. आत वीतभर नळी, आमच्याच अहवालाची प्रत आणि एक चिठ्ठी. 'अठरा नंबरचा लॉट. हाताला चिकट लागते. परत एकदा बघाल का?'

मी जरा फणकारलेच. आम्ही पास केलेला माल आणि यांना चिकट लागतो. कात्रीने तुकडा कापला, हिरा स्पिरिटने पुसला, स्क्रू आवळला. रेघ आली आणि १६००पाशी ते दोघे हजर होते, शेजारी शेजारी, कोणालाही दिसतील असे.

मी हिरा पुसून दुसरा तुकडा लावला, मग तिसरा. तिन्ही वेळा तेच.

मग मी अहवालाची प्रत नीट उघडली. चाचणी करणारी म्हणून खाली माझी सही होती, अगदी माझीच. शेजारी रेघ तपासणाऱ्याच्या जागी ताईची, नेहमीसारखी. तारीख वाचली आणि आठवलं, त्या दिवशी मी लॅबमध्ये नव्हतेच.

त्या दिवशी ताईने मला सक्तीने सुट्टी दिली होती. भाचीचं, म्हणजे ताईच्या मुलीचं लग्न ठरलं होतं. "आज तू इकडे फिरकू नकोस," ताई म्हणाली होती, "पोरीला घेऊन खरेदीला जा. तिला आईपेक्षा मावशीचीच पसंती लागते." आम्ही दोघी दिवसभर दुकानं पालथी घालत हिंडलो. तिने निळं कापड घेतलं, मी पाय दुखल्याची कुरकुर केली, दोघी पोट धरून हसलो. इतका चांगला दिवस मला कित्येक वर्षांत मिळाला नव्हता.

सहीचं कोडं उलगडायला वेळ लागला नाही. "तू नसलीस की काम अडतं, चार-सहा कोऱ्या फॉर्मांवर सही करून ठेव," असं ताई नेहमी म्हणायची आणि मी चहा पिता पिता करून द्यायची. सख्ख्या बहिणीला कोण विचारतं, कशाला म्हणून?

अहवालासोबत जोडलेली रेघ मात्र झकास होती. १६००ला काही नाही. पण २३५०पाशी एक खड्डा होता, माझा. मी कपाटातून माझ्या टाकाऊ रेघांचा जुना गठ्ठा काढून चाळला. त्यात अकरा नंबरच्या लॉटची माझी पहिली रेघ सापडली. ती आणि ही, दोन्ही कागद एकावर एक ठेवून खिडकीच्या काचेला लावले. एकाच तुकड्याच्या लागोपाठ दोन रेघा काढल्या, तरी बारीकसारीक थरथर वेगळी येते. इथे केसाइतकाही फरक नव्हता. माझ्या अकराव्या लॉटची रेघ अठराव्याला चिकटवली होती.

मी दोन्ही कागद घेऊन ताईच्या खोलीत गेले. ती लग्नाच्या पाहुण्यांची यादी करत होती. भाचीचे होणारे सासरे, म्हणजे ताईचे व्याही, त्या नळीच्या कारखान्याचे मालक. हे मला पहिल्यापासून माहीत होतं. त्यात काही खटकावं असं मला कधी वाटलं नव्हतं.

मी कागद समोर ठेवले. तिने एकदाच पाहिलं आणि चष्मा काढला.

"तू अठरा नंबर तपासला होतास?" मी विचारलं.

"हो."

"१६००चं जुळं दिसलं?"

"दिसलं." ती खोटं बोलली नाही. "त्यांनी एकदाच तेल बदललं गं. म्हणाले, एवढा एक लॉट जाऊ द्या, पुढचा नीट येईल. लग्न तोंडावर होतं. मी नाही म्हटलं असतं तर पोरीचं काय झालं असतं?"

"आणि त्या बाळांचं?"

तिने नजर यादीवर वळवली. मला रडू येत होतं आणि रागही येत होता. दोन्ही एकदम आलं की मला बोलता येत नाही. तरी एक गोष्ट विचारायचीच होती.

"तुझ्या स्वच्छ रेघा कपाटभर पडल्यात. मग माझी का लावलीस?"

ताईने यादीची घडी घातली, पुन्हा उलगडली.

"सही तुझी होती," ती म्हणाली. "मग रेघही तुझीच वाटायला हवी ना."

बावीस वर्षांत तिने माझ्या श्वासाचा खड्डा कधी फाइलला जाऊ दिला नव्हता. अकरा नंबरचीसुद्धा मला दुसऱ्यांदा काढायला लावली होती. स्वच्छ कागद बाजूला सारून तिने हा टाकाऊ शोधून काढला, कारण उद्या कोणी बोट दाखवलं तर ते माझ्याकडे वळावं. लहानपणी शाळेत मला कोणी चिडवलं तर हीच धावून यायची.

"बारा दिवस थांब," ती हळूच म्हणाली. "लग्न होऊ दे. मग मी स्वतः कळवते. तुझ्या पाया पडते."

"आज जन्मलेलं पोर बारा दिवस त्याच नळीने दूध पिईल, ताई."

बाहेर येऊन मी औषधविभागाच्या बाईंना फोन लावला. अठरा नंबरच्या सगळ्या नळ्या आत्ताच्या आत्ता वॉर्डातून काढा म्हटलं. अहवाल चुकीचा आहे आणि त्यावरची सही माझी आहे, हेही सांगितलं. त्या "काढते" म्हणाल्या. परत आत जाऊन मी ताईच्या टेबलाचा खण उघडला. माझ्या सह्यांचे कोरे फॉर्म अजून सहा होते. एकेक करून फाडले. ताईने अडवलं नाही.

तेवढ्यात माझा फोन वाजला. भाची होती. मी उचलला नाही. तिला काय सांगायचं ते अजून माझं मलाच कळलं नव्हतं.

मग मी यंत्रापाशी बसले. नवा तुकडा कापला, हिरा पुसला, स्क्रू आवळला आणि यंत्र चालू असेपर्यंत श्वास रोखून धरला. रेघ छापली, खाली माझी सही केली, आणि तपासणाऱ्याच्या सहीसाठी कागद ताईपुढे नेऊन ठेवला.

तिचा हात सवयीने पेन्सिलीकडे गेला. १६००च्या दोन्ही बारक्या खड्ड्यांवर तिने खुणा केल्या, अगदी मला शिकवायची तशा. मग नजर डावीकडे, मोठ्या आकड्यांकडे सरकली.

"२३५० सपाट आलंय," ती म्हणाली. "छान काढलीस."

बावीस वर्षं मी या दोन शब्दांसाठी झुरले होते. आता ते कानांत राहू नयेत असं वाटलं.

ताईने पेन्सिल खाली ठेवली. पेन उचललं नाही. तपासणाऱ्याच्या सहीची जागा कोरी ठेवूनच मी अहवाल पाठवला.