हातोडीमास्तरांचा कान

वाहन तपासणी केंद्राच्या खड्ड्यात हातोडीमास्तरांची एकतीस वर्षं गेली. रस्त्यावर पकडलेल्या नादुरुस्त गाड्या, नोंदणीच नसलेल्या बिननंबरी गाड्या, दोन भंगारं जोडून केलेली तिसरी गाडी, सगळ्यांना त्या खड्ड्यावर यावंच लागे. मास्तर खालून चेसीवर, म्हणजे गाडीच्या लोखंडी कण्यावर, छोटी हातोडी मारत आणि कान देत. लोखंड निरोगी असेल तर ठण्ण वाजतं, आतून गंजलेलं असेल तर भद्द. वरून कितीही जाड काळा रंग फासा, आवाज लपत नाही. नवे तपासनीस टोच्या खुपसून बघत, तेव्हा मास्तर म्हणत, "टोच्या अनाड्यांना लागतो. आम्ही लोखंडाशी बोलतो." सगळे हसत आणि मास्तर मिशीला हात लावत.

खरं तर हे बोलणं तीन वर्षांपूर्वीच बंद पडलं होतं. आधी डावा कान गेला, मग उजव्यानंही तीच वाट धरली. निवृत्ती दोन वर्षांवर आलेली. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणून मास्तरांनी बायकोलासुद्धा सांगितलं नाही. "इंजिनं चालू आहेत, मोठ्यानं बोला," असं दरडावलं की काम भागे. चेसीसाठी मात्र त्यांनी एक युक्ती काढली होती. मालकाला सोबत खड्ड्यात उतरवायचं, हातोडी लोखंडावर आणि नजर मालकाच्या तोंडावर ठेवायची. कुजक्या जागेजवळ हातोडी आली की मालक मान खाजवतो, घड्याळ बघतो, नाही तर उगाच घरच्यांची चौकशी करतो. चोराच्या मनात चांदणं! अशा गाड्या मास्तर परत पाठवत आणि त्यांच्या कानाचा दरारा आणखी वाढे.

दीड महिन्यापूर्वी धाकट्या बहिणीचा नवरा व्हॅन घेऊन आला होता. भंगारवाल्याकडून जोडून घेतलेली, रंग चकचकीत, नंबर अजून मिळायचा होता. नंबरासाठी मास्तरांची सही हवी होती. कपडे धुण्याच्या कारखान्यातल्या बायकांची तो ने-आण करणार होता. आपला माणूस म्हणून मास्तरांनी सूट दिली नाही, उलट त्या गाडीला चार हातोड्या जास्तच मारल्या. भावजी शेजारी उभे राहून कौतुकानं बघत होते. मान खाजवली नाही, नजर चुकवली नाही.

"काय म्हणतंय लोखंड?" त्यांनी विचारलं.

"ठणठणीत आहे, भावजी. खुशाल चालवा."

आज ती व्हॅन केंद्राच्या मागच्या अंगणात पडली होती. वळणावर पुलाच्या कठड्यावर आदळली होती. भावजी जागच्या जागी गेले, मागे बसलेली एक बाई दवाखान्यात दगावली. चालकाला डुलकी लागली, असं सगळं गाव म्हणत होतं. त्या बाईची आई बहिणीच्या दारात येऊन बोटं मोडून गेली होती. अपघाताचा अहवाल मास्तरांनाच लिहायचा होता. साहेबांनी तर खांद्यावर हात ठेवून, तोंडासमोर तोंड आणून सांगितलं होतं, "सही तुमचीच आहे, मास्तर. डुलकी लिहा आणि मोकळे व्हा. गेलेल्या माणसाला काय फरक पडतो?"

बहीण नवऱ्याचा चष्मा आणि डबा न्यायला आली होती. चष्म्याची एकच काच सापडली. ती मास्तरांच्या अगदी समोर येऊन उभी राहिली, म्हणून तिचं बोलणं त्यांना ओठांवरून कळलं.

"दादा, खरं सांग. ह्यांना झोप लागली होती का? आदल्या दिवशी नऊलाच झोपले होते रे."

 हाताला चाळा म्हणून मास्तरांनी हातोडी उचलली. चेसीची डावी बाजू तुटून लोंबत होती, पण तुटली म्हणून टक्कर झाली की टक्कर झाली म्हणून तुटली? उजवी बाजू शाबूत होती. तिच्यावर ते पुढून मागे ठोकत गेले. हाताला धक्का बसत होता, बाकी सगळं गप्प. नजर सवयीनं बहिणीच्या तोंडावर गेली, आणि ते तोंड बदललं.

"थांब. परत मार तिथं."

त्यांनी मारली.

"मघाशी भांड्यावर मारल्यासारखं वाजत होतं. आता उशीवर मारल्यासारखं वाजतंय. दादा, तुला ऐकू येत नाही का?"

 कधी नव्हे तो मास्तरांनी भिंतीवरचा टोच्या काढला आणि त्या जागी टेकवला. जोरसुद्धा लावावा लागला नाही. भिजलेल्या पुठ्ठ्यात जावा तसा तो मुठीपर्यंत आत गेला आणि काळ्या रंगाखालून गंजाचा भुगा त्यांच्या चपलांवर पडला. भावजींची नजर का चुकली नव्हती, ते त्यांना तेव्हा उमगलं. त्या बिचाऱ्याला काही ठाऊकच नव्हतं. भंगारवाल्यानं त्याला फसवलं होतं, आणि भावजींचा सरळपणा बघून मास्तरांनी सही ठोकली होती.

"ते झोपले नव्हते," मास्तर म्हणाले. "मी बहिरा झालोय."

बहीण रडली नाही, अंगावरही आली नाही. डबा छातीशी धरून तिनं एवढंच विचारलं, "कधीपासून?"

"तीन वर्षं."

तिनं फाटकाकडे बघितलं. बाहेर सकाळची रांग लागली होती. एक टेम्पो, दोन मालमोटारी, शाळेची एक पिवळी गाडी.

"तीन वर्षांत किती गाड्या, दादा?"

मास्तरांनी अहवालाचा कागद व्हॅनच्या टपावर ठेवून तिच्यासमोरच भरला. कारण: चेसी कुजलेली. चालकाचा दोष नाही. तपासनिसाला ऐकू येत नाही. खाली सही केली. मग जुन्या नोंदवह्यांचा गठ्ठा साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवला आणि 'तपासणी बंद'ची पाटी घेऊन फाटकाशी गेले. पाटी अडकवताच रांगेतले चालक खिडक्यांतून माना काढून ओरडायला लागले. शाळेच्या गाडीचा चालक खाली उतरला आणि हातातला कागद त्यांच्या नाकासमोर नाचवू लागला. गेल्या वर्षीचा दाखला होता, खाली मास्तरांचीच सही. वैतागून त्यानं हात झटकले, गाडीत चढला आणि गाडी वळवून शाळेच्या वाटेला लागला. मास्तर हात वर करून मागे धावले, थांब म्हणून ओरडले. आपला आवाज त्याच्यापर्यंत पोचला की नाही, हे त्यांना कळलं नाही.