ओडेसाच्या नावाची डिश

मित्रांनो, वरून पाहिलेत तर मी एक जुनी काचेची डिश आहे. एक कोपरा उडालेला, चीज जळून जळून कडा पिवळी पडलेली. माझ्याकडे दुसऱ्यांदा वळून पाहावे असे काही नाही. पण मला जरा उलटी करा. बुडाला दोन कागद दिसतील. एक पांढरी चिकटपट्टी, तिच्यावर निळ्या शाईत ‘ओडेसा’ लिहिले आहे. दुसरा छापील, ‘पुरावा क्रमांक २२’. पहिल्यामुळे मी आयुष्यभर घरी परत येत राहिले आणि दुसऱ्यामुळे चौदा महिने येऊ शकले नाही.

माझा जन्म उत्तरेकडच्या एका कारखान्यात झाला. तापलेली काच साच्यात दाबली, निवली, की झाली डिश. त्यात सांगण्यासारखे फार नाही. १९५२ साली अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातल्या ब्रायर्टन गावात लूटी नावाच्या बाईने मला विकत घेतले. लूटी गोऱ्यांच्या घरी इस्त्रीचे काम करी आणि रेल्वेरुळांच्या अलीकडे सॉमिल वस्तीत, टर्नर स्ट्रीटवर राही. ही वस्ती सगळी काळ्या लोकांची. लाकूड कापायची गिरणी कधीच बंद पडली होती, वस्तीला तिचे नाव तेवढे उरले होते.

त्या वस्तीत एक रीत होती, अजून आहे. कोणाच्या घरी माणूस गेले की त्या घराला आठवडाभर स्वयंपाक करू द्यायचा नाही. दुःखाची बातमी रस्त्याच्या टोकाला पोचायच्या आत डिशा निघतात. कोणाची तळलेली कोंबडी, कोणाची शिजवलेली पालेभाजी, कोणाचा ‘पाय’, म्हणजे रताळ्याचे सारण भरून भाजलेली गोड पारी. एका ओट्यावर वीस डिशा जमल्या की कोणती कोणाची ते कसे कळणार? म्हणून बुडाला नावाची पट्टी. आणि डिश परत करायची ती कधीही रिकामी नाही. चार अंडी घाला, मूठभर भेंडी घाला, पण काहीतरी घाला.

या रीतीमुळे मला वस्तीतले प्रत्येक स्वयंपाकघर माहीत आहे. कोणाचा नळ गळतो आणि कोणाच्या घरात दोन सुना एकमेकींशी बोलत नाहीत, हे मला विचारा.

१९६२ साली लूटी मतदारयादीत नाव घालायला कचेरीत गेली. कारकुनाने तिला राज्याच्या घटनेतला उतारा वाचायला लावला, मग अर्थ विचारला, मग अर्थ चुकला म्हणून सांगितले. ती तीनदा गेली. तिसऱ्या खेपेला तो म्हणाला, “इस्त्री करायला एवढं वाचायचं कशाला, लूटी?” ती घरी आली आणि त्या दिवशी तिने मला जरा जास्तच जोरात घासले. पुढे मतदानाच्या हक्काचा कायदा झाला, तिचे नाव यादीत आले. त्या दिवशी तिने माझ्यात मॅकरोनी आणि चीज भाजले आणि घरीच खाल्ले. कोणी मेलेले नसताना मी काठोकाठ भरले ते पहिल्यांदा.

पण यादीत नाव आले म्हणून आपले माणूस निवडून येते असे नाही. नगरपरिषदेच्या पाचही जागांसाठी अख्खे गाव मत देई, आणि गावात गोरे जास्त. वीस वर्षे वस्ती मत देत राहिली आणि हरत राहिली. पाऊस झाला की गटाराचे पाणी अंगणात शिरे, सांगायचे कोणाला? शेवटी लोक कोर्टात गेले. १९८७ साली गावाचे पाच प्रभाग झाले आणि सॉमिल वस्ती सगळी प्रभाग तीनमध्ये आली. शाळेतल्या अर्नेस्टीनबाई निवडून आल्या. तीन वर्षांत गटार बंदिस्त झाले, रस्त्यावर दिवे आले, मतदान चर्चच्या हॉलमध्ये होऊ लागले. लूटी काठी टेकत चालत जाऊन मत देऊन येई.

लूटीनंतर मी तिच्या मुलीकडे, ओडेसाकडे आले आणि माझ्या पट्टीवरचे नाव बदलले. ओडेसाने एकतीस वर्षे शाळेच्या भोजनगृहात रांधले. हात सढळ आणि जीभ तिखट. रस्त्यापलीकडे, अगदी समोरच्या घरात, क्लीओफस गेन्स राही. रेल्वेतून निवृत्त झालेला, पोरवयापासूनचा शेजारी. त्याची बायको रूबी गेली तेव्हा सगळ्यात आधी मी पोचले होते. क्लीओफस मला परत करी तेव्हा माझ्यात नेहमी एकच वस्तू असे: त्याच्या अंगणातल्या झाडाचे पिकान. अक्रोडाच्या जातीचे, पण कवच लांबट आणि टणक.

“अरे, एकदा तरी सोलून देत जा की,” ओडेसा करवादे. “फोडता फोडता बोटांची सालं निघतात माझ्या.”

“झाड माझं, कष्ट तुझे,” तो म्हणे. “वाटणी बरोबर आहे.”

असे आमचे चालले होते. मग जनगणना झाली आणि प्रभागांचे नवे नकाशे आले. पाचही प्रभागांत माणसे सारखी हवीत म्हणून रेषा हलवाव्या लागतात, तेवढे बरोबरच आहे. पण या वेळी सॉमिल वस्तीचे तीन तुकडे झाले आणि प्रत्येक तुकडा रुळांपलीकडच्या मोठ्या गोऱ्या वस्तीला जोडला. एका लिंबाचा रस तीन हंडे पाण्यात वाटला तर कोणत्या हंड्याला चव येणार? एक रेषा थेट टर्नर स्ट्रीटच्या मधोमध गेली. ओडेसा प्रभाग दोनमध्ये, क्लीओफस चारमध्ये, चर्च तीनमध्ये.

सुनावणी मंगळवारी सकाळी दहाला ठेवली होती, लोक कामावर असतात तेव्हा. प्रत्येकाला दोन मिनिटे. ओडेसाने भाषण कागदावर लिहून नेले होते. मी त्या वेळी क्लीओफसकडे होते, कारण त्याचा भाऊ आठवड्यापूर्वी वारला होता. नगरपरिषदेच्या पायऱ्यांवर त्याने मला तिच्या हातात ठेवले.

“आत्ता? इथं?” ओडेसा म्हणाली.

“मग काय करू? आता तू परदेशी. तुझ्या घरी यायचं तर पासपोर्ट लागेल.”

आत अध्यक्ष होते मिस्टर विटलो. आवाज मऊ, घड्याळ समोर. ओडेसाने पहिली ओळ वाचली आणि त्यांनी तिला थांबवले.

“मॅडम, प्रत्येक प्रभागात माणसं सारखीच आहेत. रस्ता ही हद्द सोयीची पडते. ही एकच वस्ती आहे असं तुम्ही म्हणता, त्याला आधार काय? आमच्याकडे तसं कागदावर काही नाही.”

ओडेसाने हातातला कागद खाली ठेवला. मला उचलले आणि टेबलावर पालथी केली. पिकान खडखडत चहूकडे पळाले, दोन विटलोंच्या मांडीवर पडले.

“हे नाव वाचा,” ती म्हणाली. “आमच्याकडं माणूस गेलं की डिश जाते. नाव असतं म्हणून परत येते. ही माझ्या आईची डिश. टर्नर स्ट्रीटवर आमच्या बाजूची सगळी घरं, चर्चमागची आठ, समोरच्या बाजूची झाडून सगळी, सगळीकडं जाऊन आली. जिथं जाऊन ही परत येते, ती आमची वस्ती. रुळांपलीकडं ही एकदाही गेलेली नाही, मिस्टर विटलो. आणि तिकडं कोणी मरत नाही असं तर नाही ना?”

मागच्या बाकांवर कोणीतरी “आमेन” म्हणाले.

“तुमची वेळ संपली, मॅडम.”

“ठाऊक आहे,” ओडेसा म्हणाली आणि वाकून पिकान वेचू लागली.

चार विरुद्ध एक मताने नकाशा मंजूर झाला. मला वाईट वाटले. काच असले तरी वाटते.

पुढच्या ऑगस्टमध्ये निवडणूक झाली. क्लीओफसने आपल्या गाडीतून ओडेसाला सात मैलांवरच्या तिच्या केंद्रावर नेले, मग स्वतःच्या केंद्राकडे गेला. तो पोचला तेव्हा दार बंद झालेले होते. वस्तीचे एकही माणूस निवडून आले नाही. त्या हिवाळ्यात गटार तुंबले. ओडेसाने प्रभाग दोनच्या सदस्याला चार वेळा फोन केला. आवारात पुन्हा तेच घाण पाणी साचले, लूटीच्या वेळचे.

लोक पुन्हा कोर्टात गेले. वकील होत्या नदीन फोर्ट, मॉन्टगोमरी शहरातल्या. त्यांना सुनावणीचा किस्सा कळला आणि त्यांनी एक साधी गोष्ट केली. घरोघर जाऊन विचारले, तुमची डिश कोणाकोणाच्या घरी गेली आहे? प्रत्येक उत्तरासाठी नकाशावर एक रेघ ओढली. रेघांचे दाट जाळे झाले, आणि नव्या हद्दी त्या जाळ्याला सुरीसारख्या कापत गेलेल्या दिसल्या. न्यायाधीशांना प्रत्यक्ष मलाही पाहायचे होते.

“किती दिवस ठेवतील?” ओडेसाने विचारले.

“फार नाही, मिस ओडेसा,” नदीन म्हणाल्या.

“मग असू दे. पण पट्टी काढू नका म्हणावं.”

पट्टी कोणी काढली नाही. शेजारी दुसरा कागद चिकटला आणि मी लोखंडी कपाटात गेले. माझ्या एका बाजूला नकाशांच्या गुंडाळ्या, दुसऱ्या बाजूला फायली. कोणी रांधत नव्हते, कोणी रडत नव्हते, कोणी मला घासत नव्हते. इतकी स्वच्छ आणि इतकी निरुपयोगी मी कधीच नव्हते.

चौदा महिन्यांनी निकाल लागला. रेषा चुकीच्या आहेत, वस्ती जोडून पुन्हा आखा, असा हुकूम झाला. टर्नर स्ट्रीटच्या दोन्ही बाजू पुन्हा प्रभाग तीनमध्ये आल्या. मला न्यायला ओडेसा येईल म्हणून मी वाट पाहत होते. आली तिची मुलगी व्हर्लीन. कारकुनाने एका कागदावर तिची सही घेतली आणि मला तिच्या हातात दिले. रिकामी. एवढ्या वर्षांत रिकामी परत निघाले ते तेव्हाच.

व्हर्लीन आमच्या घराच्या पायऱ्यांवर बसली होती तेव्हा क्लीओफस रस्ता ओलांडून आला. त्यांच्या बोलण्यातून मला कळले. ओडेसा फेब्रुवारीतच गेली होती. निकालाच्या पाच महिने आधी.

“अडतीस डिशा आल्या होत्या,” व्हर्लीन म्हणाली. “हीच तेवढी नव्हती.”

“होती की,” क्लीओफस म्हणाला.

“अंकल क्लीओ, ती तुमची पत्र्याची होती. दुकानातून आणलेली. आणि मॅकरोनी कच्ची होती.”

“असू दे कच्ची. पट्टी कोणाच्या नावाची होती?”

व्हर्लीन हळूच म्हणाली, “मम्माच्या.”

“अख्ख्या वस्तीला जिची डिश गेली, तिच्या घरी तिची डिश यायला नको?”

व्हर्लीनने मला उलटी केली आणि नखाने छापील कागदाचा कोपरा उचलू लागली.

“राहू दे तो,” क्लीओफस म्हणाला. “दोन मिनिटं दिली होती त्यांनी तिला. तिचं बाकीचं बोलणं या कागदानं पुरं केलंय. आण इकडं ती डिश. कोर्टाला रीत नसेल, आपल्याला आहे.”

तो मला घेऊन पलीकडे गेला.

मित्रांनो, तुमच्या गावातही कधीतरी प्रभागांच्या रेषा आखल्या जातील. त्या कागदावर अगदी निरुपद्रवी दिसतात. तेव्हा एवढेच विचारा, की ही रेषा कोणाच्या घरांमधून जाते आणि कोणाला एकटे पाडते. विचारायला उशीर करू नका. ओडेसाने उशीर केला नव्हता, तरी तिला निकाल पाहायला मिळाला नाही. आणि शेजाऱ्याचे भांडे जपून वापरा. बुडाचे नाव घासून काढू नका.

काही महिन्यांनी नव्या रेषांप्रमाणे निवडणूक झाली, मतदान पुन्हा चर्चच्या हॉलमध्ये. क्लीओफस आणि व्हर्लीन चालत जाऊन, एकाच रांगेत उभे राहून मत देऊन आले. परतल्यावर त्याने मला व्हर्लीनच्या ओट्यावर आणून ठेवले. मी पिकानने काठोकाठ भरलेली होते. व्हर्लीनने झाकलेला कपडा दूर केला आणि तिथेच खुर्चीवर बसली.

या वेळी एकूण एक सोललेले होते.