खरादाची दोरी

कापसाच्या जिनाचा भोंगा झाला की मैनाच्या खांद्यात आधीच कळ यायची.

भोंगा तसा रोजचाच. तो अकोटच्या त्या टोकाला वाजायचा आणि इकडे वस्तीतल्या बायका चुलीत काड्या सारायच्या, कारण आता माणसं घरी येणार. मैनाही सारायची. पण तिला ठाऊक असायचं, नवरा देवमन येईल, केसांतला कापूस झटकेल, हातपाय धुईल, भाकर खाईल, आणि मग भिंतीशी ठेवलेला लाकूड कातायचा खराद पुढे ओढून म्हणेल, "ये वं, जरासं ओढून दे."

ते जरासं कधी जरासं नसायचं.

हा खराद घरात कसा आला त्याची गोष्ट सगळ्या वस्तीला पाठ होती. दोन वर्षांमागे चुलतभावाच्या लग्नाला देवमन अमरावतीला गेला. लग्न लागलं, पंगत बसली, आणि देवमनचा पत्ता नाही. शोधायला गेलेल्यांना तो एका खराद्याच्या दुकानापुढे सापडला. आत म्हातारा खरादी पाळण्याचे खांब कातत होता, आणि हा लग्नातला सदरा घालून दुपारभर रस्त्यात उभा. परत येताना एसटीत तो कोणाशी बोलला नाही. नुसती बोटं हवेत गोल फिरवत होता. त्याची माय सुंदराबाई म्हणाली, "लग्नात कोनं काही पाजलं काय याले?"

मग घरी सुरू झालं. परतवाड्याहून लाकूड आणणाऱ्या गाडीवाल्याला सांगून त्याने सागवानाचा एक तुकडा मिळवला. त्याची पाटी केली, पाटीवर दोन खुंट उभे ठोकले. दोन जाड बोल्ट घेऊन त्यांची टोकं कानशीने घासली. महिनाभर संध्याकाळी घरात तोच आवाज. ती टोकं खुंटांतून आमनेसामने बसवली. दोन टोकांच्या मध्ये लाकडाचा दांडा पकडायचा, दांड्याला दोरीचे दोन वेढे द्यायचे. एकाने दोरीची दोन्ही टोकं धरून आळीपाळीने ओढायची, की दांडा गरगर फिरतो, एकदा इकडे, एकदा तिकडे. दुसऱ्याने त्याच्यावर पटाशी टेकवायची. पटाश्याही घरच्याच. जिनाच्या मशीनची तुटकी पाती फोरमनला विचारून भंगारातून आणलेली, आणि पायरीच्या दगडावर घासून घासून अशी धार दिलेली की सुंदराबाई त्यांना हात लावत नसे.

एवढं सगळं करून त्या खरादावर काय बनलं? पटाश्यांच्या मुठी. मग कानशीची मूठ. मग हातोडीचा दांडा. मग पहिल्या मुठी आवडेनात म्हणून दुसऱ्या.

"हत्यारावर हत्यारंच बनवून राहिला," सुंदराबाई म्हणायची. "घरात बसाले एक पाट नाही, अन् कानशीले नक्षीची मूठ."

"पाट बी करन, माय."

"करशीन. मी मेल्यावर त्याच्यावर बसवशीन मले."

मैना यावर हसायची, पण कमी. दोरी तिला ओढावी लागे. सकाळी विहिरीचं पाणी, मग दुपारपर्यंत कापूस वेचायला, सुजाता झोळीत, झोळी बांधावरच्या बाभळीला. आठ महिन्यांची पोर रात्रीतून तीनदा प्यायला उठायची. संध्याकाळी भाकरी थापताना मैनाचे डोळे मिटत. आणि मग दोरी. डावा हात, उजवा हात, डावा, उजवा. खांद्यापासून कमरेपर्यंत एक शीर ताणली जाई, आणि अंथरुणावर पडल्यावरही हात आपोआप हलल्यासारखे वाटत.

एकदा ती सासूला म्हणाली होती, "आत्याबाई, पहिले खंडेनवमीले हत्यारं एक दिवस तरी झोपत."

बुद्धाची दीक्षा घेतल्यापासून घरात हत्यारांची पूजा राहिली नव्हती. त्याचं मैनाला काही वाटत नव्हतं; दीक्षेला ती स्वतः सासऱ्यांबरोबर नागपूरला पायी गेली होती. सुंदराबाईनं मात्र विचार केला. "पूजा सोडली ते बरंच केलं," ती म्हणाली. "पन सुट्टी कावून सोडली, ते मलेई समजत नाही."

मग दोरी ओढायला मैना नाही का म्हणत नव्हती? याला कारण होतं, आणि ते तिने कोणाला सांगितलं नव्हतं. जिनातून आलेला देवमन बोलत नसे. बारा तास त्या धडधडीत उभं राहून त्याचे कान आणि जीभ दोन्ही सुन्न झालेले असत. नाकात कापूस, छातीत कापूस. विचारलं तर हूं, नाही विचारलं तर तेही नाही. पण पटाशी लाकडाला लागली आणि पहिली साल वळत वळत वर आली, की तो हसायचा. आवाज नाही, नुसते दात. स्वतःच्या लग्नात ती ज्या माणसाकडे चोरून पाहत होती तो माणूस दिवसातून तेवढा वेळच घरी यायचा. त्याला ती कशी म्हणणार, की आज नको?

माघात एका संध्याकाळी ती दोरी ओढता ओढता झोपली.

किती वेळ, तिलाही कळलं नाही. एक श्वास असेल, दोन असतील. डोकं पुढे गेलं, तशी ती दचकली आणि हातातलं टोक हिसडून ओढलं. जे ओढायचं ते नाही, दुसरंच. दांडा उलटा फिरला, पटाशीत अडकला, बोल्टांच्या टोकांवरून उडाला, आणि पटाशी देवमनच्या डाव्या तळव्यात गेली.

रक्त पाहून सुजाता नाही रडली, मैनाच रडली. सुंदराबाईनं हळद दाबली, धोतराची चिंधी बांधली. देवमन पांढऱ्या चेहऱ्याने म्हणाला, "दोरी घसरली."

मैना म्हणाली, "हो."

तो एक शब्द तिला फार जड गेला. दुसऱ्या दिवशी तो तशाच हाताने कामावर गेला. फोरमनने त्याला मशीनवरून काढून सरकी लोटायला लावलं, ते चाललं. पण संध्याकाळी घरी येऊन तो खरादासमोर हात मांडीवर ठेवून बसायचा. चार दिवस असे गेले. पाचव्या दिवशी म्हणाला, "तू धर पटाशी. मी ओढतो."

"मले कुठं येते?"

"मले तरी कोनं शिकवलं?"

त्याने दोरीचं एक टोक उजव्या हातात घेतलं, दुसरं डाव्या मनगटाला गुंडाळलं. मैनाने पटाशी धरली. आधी नुसताच भुगा पडला. "दाबू नको," तो म्हणाला. "पोरीच्या गालाले बोट लावते तशी लाव." तिने तशी लावली. आणि पटाशीच्या तोंडातून एक साल निघाली, कांद्याच्या पापुद्र्याएवढी पातळ, वळत वळत तिच्या मनगटावर आली आणि तिथेच थांबली. ऊन होती. ओल्या सागाचा वास आला. मैनाला तिचा खांदा आठवला नाही, चुलीवरचं दूध आठवलं नाही. दांड्यावर एक खोबण पडली होती, आणि ती तिने पाडली होती.

"अजून ओढा ना," ती म्हणाली, आणि मग मान वर केली.

देवमनच्या कपाळावर घाम होता. त्याने हात थांबवले, खांदा चोळला. पुन्हा ओढले, पुन्हा थांबवले.

"रोज असंच दुखते काय तुले?"

मैनाने पटाशी खाली ठेवली. आता सांगितलं नाही तर कधीच सांगणार नाही, हे तिला दिसलं.

"दोरी नव्हती घसरली," ती म्हणाली. "मले झोप लागलती. माया हातानं झालं ते."

मनगटाची दोरी सोडायला देवमनला बराच वेळ लागला. मग त्याने खराद भिंतीशी सरकवला आणि त्याच्यावर सरकीचं रिकामं पोतं टाकलं.

"रागावले काय?"

"कोनावर रागावू? दीड वर्ष ओढून राहिली तू, अन् मी विचारलं बी नाही."

त्या दिवसापासून मैनाला संध्याकाळ मिळाली. भाकरी झाल्या की पाठ टेकायची. हेच तर हवं होतं. पण देवमन भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा, आणि त्याचे ते दात काही दिसेनात. मैनाचा डोळा लागायचा आणि लगेच उघडायचा. दमलेल्या माणसाला झोप येतेच असं नाही, हे तिला तेव्हा कळलं. हात बरा झाला तरी पोतं तसंच राहिलं. त्याच्यावर सुंदराबाई आता वाळवायचे मुंगवडे ठेवू लागली.

उपाय कसा सुचला म्हणाल, तर कंटाळ्यातून. कापसाची शेवटची वेचणी आटोपत आली होती, मैना दुपारी घरीच असायची. अंगणात कडुलिंब होता, त्याच्या खालच्या फांदीला झोळी. झोळीची दोरी मैनाने पायाच्या अंगठ्याला बांधली होती, म्हणजे हाताने डाळ निवडता येई. अंगठा खाली दाबला की झोळी खाली येई. सोडला की आपोआप वर. दाबला, सोडला. अर्धवट झोपेत ती हे कितीतरी वेळ करत होती. मग तिच्या ध्यानात आलं, की दोरी परत ओढायचं काम आपण करतच नाही. ते फांदी करते.

तिने सुपातली डाळ तशीच ठेवली आणि वर पाहत राहिली.

रविवारी जिन बंद असायचं. मैनाने मुंगवडे उचलले, पोतं काढलं आणि खराद ओढत अंगणात आणला. देवमन दारात उभा.

"काय करून राहिली?"

"दोरीचं एक टोक फांदीले बांधा. दांड्याले दोन वेढे द्या. दुसरं टोक खाली, पायाशी. पायाखाली एक फळी ठेवा."

तो तिच्याकडे पाहत राहिला. मग फांदीकडे. मग पुन्हा तिच्याकडे, जरा वेगळ्या नजरेने. दुपार होईपर्यंत तीन दोऱ्या तुटल्या. एक फांदी फारच कडक निघाली, तिने फळीच उचलून नेली. दुसरी फारच मऊ. तिसरी जमली. देवमनने फळी दाबली, दांडा त्याच्याकडे फिरला, पटाशीने साल काढली. पाय उचलला, फांदी वर गेली, दांडा उलटा फिरून गप्प झाला. दाबलं की काम, सोडलं की विसावा. वरून कडुलिंबाची वाळकी पानं त्याच्या डोक्यात पडत होती.

"झाडालेई कामाले लावलं," सुंदराबाई म्हणाली. "आता मीच राहिली."

देवमन हसला. दात दिसले. मैना झोळीपाशी बसली होती, तिने ते पाहिलं आणि सुपात तोंड घातलं.

आता एक झालं. झाड काही घरात आणता येत नाही. त्यामुळे भोंग्यानंतर अंधारात खराद बंद. संध्याकाळी देवमन सुजाताला पोटावर घेऊन पडायचा आणि रविवारी काय कातायचं ते मैनाला सांगायचा, आणि ती हूं म्हणता म्हणता झोपून जायची. त्याचं हसणं आठवड्यातून एकदाच, पण दिवसभर. मैनाला वाटे, हे बरं आहे. फार नाही, पण बरं आहे.

फाल्गुनातल्या एका रविवारी देवमन खरादाशी बसला आणि खाली वाकून त्याने काहीतरी उचललं. आपली साल त्याला ओळखू येत होती. त्याची लांब निघायची. या साली तुटक्या होत्या, कुठे जाड, कुठे बारीक.

"हे कोनाचं होय?"

"मायाकडे पाहू नको," सुंदराबाई म्हणाली. "माया पाय पायरी चढत नाही, तुयी फळी कुठं दाबन?"

मैना आत गेली आणि छपराच्या कवेलूखालच्या फटीतून एक दांडी काढून आणली. वीतभर लांब. मध्ये तीन खोबणी, एक गोळा, तोही एका बाजूला बसलेला. बुधवारी दुपारी पोर झोपली होती. तिनेही झोपायला हवं होतं. पण झोपली नव्हती.

देवमनने दांडी बोटांत फिरवून पाहिली. "काय होय हे?"

"काईच नाही."

"म्हन्जे कायच्या कामाचं?"

"कायच्याच नाही. बनवलं."

त्याने दांडी मांडीवर ठेवली. मग म्हणाला, "हात दाखव."

तिला वाटलं लागलं का विचारतोय. पण त्याने सुतळीचा तुकडा घेतला, तिच्या बंद मुठीभोवती गुंडाळला आणि तिथे गाठ मारली. सगळ्यात लहान पटाशीची मूठ त्याने ठोकून काढली. ती त्याच्या हाताच्या मापाची होती. बाभळीचा एक वाळका तुकडा खरादावर चढवला.

मैना झाडाला टेकून बसली. फळी दाबल्याचा आवाज, मग पानं सळसळल्याचा, मग पुन्हा फळीचा. मधूनच तो सुतळी लावून माप पाहायचा. भाकरी करायच्या राहिल्या आहेत, हे तिच्या मनात आलं, आणि तिथेच थांबलं.

मूठ झाली तेव्हा ऊन सरकून झोपलेल्या मैनाच्या पायावर आलं होतं. सुंदराबाईनं झोळीला हात देत विचारलं, "उठवू काय तिले?"

"राहू दे," देवमन म्हणाला. त्याने पटाशी नव्या मुठीत बसवली आणि धार पलीकडे करून तिच्या उजव्या हाताजवळ ठेवली. मग पाय फळीवरून उचलून तसाच बसून राहिला, पानं पडायची थांबेपर्यंत.