नरसम्माच्या डोहाळजेवणाचे चवाळे

मी एक जुने चवाळे आहे, मित्रांनो. तुमच्यापैकी किती जणांनी चवाळे पाहिले असेल, कुणास ठाऊक. जाड सुताचे, पाच-सहा माणसे मांडी घालून बसतील एवढे मोठे कापड म्हणजे चवाळे. निजामाच्या राज्यात तलवाड्याच्या एका कोष्ट्याने मला विणले. सुंदरबाईने बाजारात मला दोन्ही बाजूंनी ओढून पाहिले आणि हे सुनेच्या हातीही टिकेल, असे म्हणाली. माझ्या वाट्याला आलेले ते पहिले कौतुक.

सुंदरबाई गेवराईच्या वाटेवर, सरकी काढण्याच्या कारखान्यात कामाला होती. बायका यंत्रापुढे बसून कापूस घालत. सरकी खाली पडे आणि रुई पलीकडे उडे. मी ती रुई पाठीवर वाहिली, सरकी उन्हात वाळवली. संध्याकाळी सुंदरबाई मला झटकायची, तेव्हा तिच्या केसांवर पांढरा थर बसायचा आणि ती म्हातारी दिसायची.

दुपारी बायका लिंबाखाली जेवायला बसत. सावली एकच, पण तोंडे तीन दिशांना. सुंदरबाई आणि तिची चुलत सासू बायनाबाई एकीकडे. बीडहून आलेली, डोळे धुवायला सगळ्यांना पाणी काढून देणारी आमिनाबी विहिरीच्या कडेला. आणि भिंतीपाशी, सगळ्यांकडे पाठ करून, नरसम्मा. तिचा नवरा कारखान्याच्या इंजिनात लाकडे घालायचा. दोघे तेलंगणातून आलेले. तिला मराठी येत नव्हती आणि तिचे तेलुगू कुणाला कळत नव्हते. सकाळपासून एकमेकींच्या खांद्याला खांदा लावून राबणाऱ्या या बायका घास तोंडात घालताना मात्र परक्या होत.

नरसम्माला दिवस गेले होते. तिचे पोट दिसू लागले, पण गाल बसत चालले. आणलेला भात ती तसाच परत नेई. एक दिवस सुंदरबाईने अंबाडीची भाजी आणली होती. वास गेला तशी नरसम्मा वळली, त्या भाजीकडे बोट करून “गोंगुरा, गोंगुरा” म्हणाली आणि रडू लागली. आमिनाबीने तरुणपणी हैदराबादेकडे दिवस काढले होते. ती म्हणाली, “ये अंबाडाच है, सुंदरबाई. इसके माँ के घर का खाना है ये.”

सुंदरबाईने तिला भाजी दिली, पण वरून, पानावर टाकून. बायनाबाई बघत होती ना. नरसम्माने पान चाटूनपुसून खाल्ले. त्या दिवशी सुंदरबाईने आपली भाकरी तशीच फडक्यात बांधली, हे मी जवळून पाहिले.

पुढे इंजिनाच्या दुरुस्तीसाठी कारखाना एका दुपारी बंद राहणार असे कळले. सुंदरबाईने बायकांजवळ गोष्ट काढली. पोरीला इथे ना आई, ना सासू. तिचे डोहाळजेवण आपणच करू. थाटमाट नको, जिच्या घरी जे शिजेल ते तिने आणावे. आमिनाबीने विचारले, माझे कोण खाईल? मग स्वतःच म्हणाली, की मी खजूर आणीन, त्याला कुणाची हरकत नसते.

“खजूर आण,” सुंदरबाई म्हणाली, “पर डाळबी आण. तुज्या डाळीचा वास रोज येतो मला.”

बायनाबाई संतापली. वेगवेगळे बसून खा, एका चवाळ्यावर बसलीस तर जातीत सांगेन, पंगतीतून उठवतील, असे तिने बजावले. सुंदरबाईच्या घरी धाकट्या नणंदेचे लग्न ठरायचे होते. तिने दोन दिवस विचार केला. मग एका सकाळी तिने मला ओढ्यावर नेले आणि माझ्यातली रुई निघेपर्यंत दगडावर आपटले.

त्या दुपारी मी लिंबाखाली अंथरला गेलो. नरसम्माला मधोमध बसवून सुंदरबाईने तिची ओटी भरली. तिच्याभोवती ज्वारीच्या भाकरी, अंबाडीची भाजी, आमिनाबीची आंबट डाळ, खजूर आणि नरसम्माने स्वतः केलेला चिंचेचा भात. सगळ्या बसल्या, पण हात कुणाचाच पुढे जाईना. बायनाबाई माझ्या काठाबाहेर, मातीत बसली होती. नरसम्मा भुकेली होती. तिने भाकरी मोडली आणि आमिनाबीच्या डाळीत बुडवली. मग सुंदरबाईने त्याच भांड्यात हात घातला.

“सुंदरे,” बायनाबाई म्हणाली, “इचार केलास का?”

“केला, आत्याबाई. रोज आमिनाबीच्याच हातचं पाणी डोळ्यावर मारून आमी डोळ्यातली रुई काढतो. तवा न्हाई बाटलो.”

 बायनाबाईने आपले फडके सोडले, त्यातला तिळाचा लाडू काढला आणि हात लांब करून माझ्यावर, नरसम्मापुढे ठेवला. ती जेवली नाही. पण उठूनही गेली नाही.

बायनाबाईने गावात शब्द काढला नाही. तरी गोष्ट फुटली. वर्षभर सुंदरबाईला कुणी पंगतीला बोलावले नाही, नणंदेचे लग्नही लांबले.  पण दुपारी मी लिंबाखाली अंथरला जाई आणि जिला यायचे ती येई. नरसम्माला मुलगी झाली. माझ्यावरच ती रांगायला शिकली. मग नरसम्माचा नवरा दोघींना घेऊन आपल्या मुलखात परतला. जाताना नरसम्मा सुंदरबाईच्या गळ्यात पडून तेलुगूत खूप काही बोलली. ते काय होते, हे मला आजही ठाऊक नाही.

कारखाना कधीच बंद पडला. सुंदरबाईनंतर मी सुनेकडे आलो, मग कडब्यावर, मग माळ्यावर. आता कुणीतरी मला धुऊन, जपण्यासारखी वस्तू म्हणून पेटीत ठेवले आहे. कसर लागू नये म्हणून कडुलिंबाचा पालाही घातला आहे.

मित्रांनो, मला जपणाऱ्यांचे मन मोडायचे नाही, पण माझे एक मागणे आहे. मला घडी करून जपू नका. भिंतीकडे तोंड करून एकटे जेवणारे कुणी तुमच्या आसपास असेल, तर मला बाहेर काढा आणि अंथरा. डाग पडले तर पडू द्या. कापड आहे मी, धुऊन निघतो.