ओळीखालची फूटपट्टी

बोलतेय ती मी, एक लाकडी फूटपट्टी. आधीच सांगून टाकते, मी जन्मापासून गोंधळलेली आहे. एका कडेला इंच, दुसऱ्या कडेला सेंटीमीटर. इकडून बघाल तर मी बारा, तिकडून बघाल तर तीस. जिला स्वतःचं वय विचारावं तर दोन आकडे सांगेल, तिनं दुसऱ्यांची मापं काय काढावीत?

कारखान्यात करवतीनं मला फळीतून वेगळं केलं, पॉलिश पाजलं, अंगावर आकडे ठोकले आणि बारा जणींच्या गठ्ठ्यात बांधून स्टेशनरीच्या दुकानात पाठवलं. वाटलं, आता आयुष्यभर सरळ रेघा मारायच्या.

नशिबात आला दादा. त्यानं माझी तलवार केली, माझ्या टोकानं पाठ खाजवली, खोडरबराचे तुकडे पंख्यावर उडवले. दोन वर्षांत काही मोजून घेतलं असेल तर शपथ. एका लढाईत बाकावर आपटून सातच्या आकड्यापाशी माझा टवका उडाला. तेव्हापासून माझी प्रत्येक रेघ सातपाशी जरा अडखळते. मग एक दिवस त्यानं मला धाकट्या बहिणीच्या हातात ठेवलं आणि वर म्हणाला, "घे, तुला दिली. जपून वापर." कोण सांगतंय बघा.

बहीण तिसरीत. वर्गात तिला सगळे 'रेडिओ' म्हणायचे, कारण तिच्यासारखं खणखणीत कुणीच वाचत नसे. तिथलं वाचन म्हणजे असं, की जुन्या बाई एक ओळ म्हणायच्या आणि चाळीस पोरं तीच ओळ त्यांच्यामागे म्हणायची. ओळ चुकू नये म्हणून बाईंनी नियम केला होता, प्रत्येकानं पट्टी ओळीखाली धरायची. म्हणजे रेघा मारायचं माझं काम गेलं आणि ओळींना टेकू द्यायचं काम लागलं.

आता माझी पंचाईत ऐका. मी दुसऱ्या ओळीखाली असायची आणि रेडिओचं तोंड पाचव्या ओळीवर. मी पाचवीला पोचेपर्यंत तिचा धडा संपलेला. एकदा तर चुकून दोन पानं एकदम उलटली, तरी तिचं वाचन थांबलं नाही. मी घाबरले. म्हटलं, टवक्यामुळे मीच तिरकी बसते, चूक माझीच. घरी पाहुणे आले की आई म्हणायची, "अगं, धडा वाचून दाखव." रेडिओ सुरू. पाहुणे मान डोलवायचे, आईची छाती फुगायची आणि मी सातच्या आकड्यापाशी शरमेनं गप्प.

मग जुन्या बाईंची बदली झाली आणि नव्या बाई आल्या. त्यांनी कोपऱ्यात एक खोकं ठेवलं, त्यात गोष्टींची पातळ पुस्तकं. रोज मधल्या सुट्टीनंतर पंधरा मिनिटं ज्यानं त्यानं हवं ते पुस्तक घ्यायचं आणि मनात वाचायचं. नंतर वहीत आपल्या मनातली एक ओळ लिहायची. ती ओळ बाई तपासणारसुद्धा नाहीत. स्वतः बाईही जमिनीवर मांडी घालून वाचत बसायच्या. मला काही कळेना. एकदा मुख्याध्यापक दारातून डोकावले.

"बाई, तास मोकळा आहे का?"

"नाही सर, वाचताहेत."

"ऐकू तर काहीच येत नाहीये."

सर डोकं खाजवत गेले. खोटं कशाला बोलू, मी त्यांच्याच बाजूची होते.

रेडिओनं पहिल्या दिवशी बदकाचं चित्र असलेलं पुस्तक उचललं, मला पहिल्या ओळीखाली ठेवलं आणि वाट बघत बसली. कुणीतरी ओळ म्हणेल, मग आपण म्हणू. कुणीच म्हणेना. तिचा तळवा घामानं ओला झाला, माझं पॉलिश चिकट झालं. शेजारणीनं पान उलटलं की हीसुद्धा उलटायची. शेजारीण वहीत जे लिहायची, तेच ही उतरवायची. मी आपली खाली खाली सरकत होते, पण काय चाललंय ते माझ्या आकड्यांत बसत नव्हतं.

त्यातच बाईंनी सांगितलं, "महिनाअखेरीला घरच्यांना बोलवू. प्रत्येकानं आपल्या पुस्तकातलं एक पान वाचून दाखवायचं." आईनं त्याच दिवशी कामावरून अर्ध्या दिवसाची रजा मागून घेतली.

संध्याकाळी रेडिओ पुस्तक घेऊन दादाकडे गेली. "दादा, एकदाच मोठ्यानं वाच ना. ऐकलं की मला येतं."

"मी कशाला? रेडिओ तू आहेस की मी?" म्हणून तो खेळायला पळाला.

तेव्हा कुठे माझ्या लाकडी डोक्यात उजेड पडला. तिरकी मी नव्हते. ही मुलगी वाचतच नव्हती. ऐकून पाठ केलेलं म्हणत होती. आणि हे तिला एकटीला माहीत होतं. मला फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी वाचनाच्या वेळी तिनं मला सरकवलंच नाही. पहिल्या ओळीखाली ठेवलं ते ठेवलं. बाई येऊन शेजारी बसल्या आणि हळूच म्हणाल्या, "आज पट्टी थांबलीय."

तिनं माझ्या टवक्यावरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "बाई, मला नुसतं पाठ येतं."

मला वाटलं, आता माझा दुसरा उपयोग होणार, हातावर. पण बाईंनी मला उचललं आणि पहिल्या शब्दाखाली ठेवलं. "हा तुझा तुला कळला, की मगच पुढे सरकव. घाई कुणालाच नाही."

त्या दिवशी पंधरा मिनिटांत मी एक शब्द सरकले. दुसऱ्या दिवशी दोन. कधी चार, कधी पुन्हा मागे. इंच धरू की सेंटीमीटर, मला समजेना. आणि दहाव्या-बाराव्या दिवशी, सगळा वर्ग चिडीचूप असताना, ती एकटी फिस्सकन हसली. ओळ होती, 'बदकाला बूट हवे होते.' आजवर घडाघडा म्हणताना ही एकदाही हसली नव्हती. मग तिनं वही ओढली, शेजारणीकडे न बघता लिहिलं, 'बदक वेडं आहे.'

महिनाअखेर आली. आई कामाच्या कपड्यांतच आली, शेजारच्या काकूंनाही घेऊन आली. रेडिओ उभी राहिली. एकेक शब्द जुळवत, थांबत, घाम पुसत तिनं चार ओळी वाचल्या. काकूंनी आईकडे बघितलं. आईचा चेहरा उतरला.

"बाई, आधी कशी घडाघडा वाचायची हो. हे नवीन काय काढलंत तुम्ही? पोरगी मागे गेली माझी."

बाई काही बोलायच्या आत रेडिओ म्हणाली, "आई, आधी मी वाचत नव्हते."

आई तिच्याकडे बघत राहिली. मग माझ्याकडे, मग पुस्तकाकडे. माझ्याइतकीच गोंधळलेली माणसाची जात मी पहिल्यांदा बघितली. शेवटी ती लहान मुलांच्या त्या बुटक्या खुर्चीवर बसली आणि म्हणाली, "मग मिळाले का बूट त्या बदकाला?"

"माहीत नाही. तिथपर्यंत मी अजून पोचले नाही."

"मग वाच की. मी बसलेय."

आता रेडिओला माझी गरज नाही. आठवड्याला एक पुस्तक संपवते, हसते, चिडते, वहीत पानभर लिहिते. मी वर्गातल्या त्या खोक्यात असते. ज्याची ओळ चुकते तो मला उचलतो. लोकहो, तुमचं पोर घडाघडा वाचत असेल तर जरूर कौतुक करा, पण कधीतरी वाकून बघा, पट्टी कुठल्या ओळीखाली आहे. आम्ही पट्ट्या सगळं बघतो, पण आम्हाला कुणी विचारत नाही.

आणि हो, बदकाला बूट मिळाले. दोन्ही डाव्या पायाचे.